हिरवी कॉलेजे, लाल कॉलेजे

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीची पहिली यादी जाहीर होईपर्यंतचे दिवस ही आम्हा समुपदेशकांची सुगी असते. एरवी वर्षभर नेरुळच्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेतील समुपदेशनाच्या खोलीत जुने नकाशे आणि कॅरमबोर्ड ठेवलेले असतात. लोकांना वाटते की आम्ही मुलांच्या स्वप्नांविषयी बोलतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळ जातीच्या दाखल्यावरील आडनाव आणि गुणपत्रिकेवरील आडनाव यांतला वेलांटीचा फरक निस्तरण्यात, नॉन-क्रिमीलेयरची पावती शोधण्यात आणि पसंतीक्रमाचे गणित समजावण्यात जातो. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली असली, तरी आम्ही नवी मुंबईकर तिच्याशी कितीतरी आधीपासून झुंजतो आहोत. अर्जाच्या दुसऱ्या भागात दहापर्यंत महाविद्यालये भरता येतात आणि पहिल्या क्रमांकाचे मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. हा एक नियम न कळल्याने रडत आलेली मुले मी दरवर्षी पाहते आणि त्यांना तो कळेल अशा भाषेत लिहिण्याची तसदी कोणी घेत नाही, याचा मला दरवर्षी नव्याने राग येतो.

म्हणून मी एक तक्ता केला आहे आणि त्याचा मला अभिमान होता. सकाळच्या लोकलने तासाभरात गाठता येतील अशी सगळी कनिष्ठ महाविद्यालये त्यात आहेत: हार्बर मार्गावरची आणि ठाण्याकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावरचीही. प्रत्येकासमोर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचा प्रवर्गनिहाय कट-ऑफ पाचशेपैकी गुणांत, अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, शुल्क, स्थानकापासून पायी लागणारी मिनिटे आणि शेवटच्या रकान्यात माझी खासगी नोंद, म्हणजे तिथे खरोखर वर्ग भरतात, की महाविद्यालयाचे नाव नावापुरते आणि मुले दिवसभर क्लासमध्ये, हे. या शेवटच्या प्रकाराबद्दल मी पालकांशी जे बोलते ते शाळेच्या लेटरहेडवर लिहिता येणार नाही. मुलाचे गुण टाकले की तक्ता आपोआप रंगतो: सहज मिळेल ते हिरवे, काठावरचे पिवळे, अशक्य ते लाल. सहा वर्षे मी तो वाढवत आणला. शेजारच्या दोन शाळा तो मागून नेतात.

त्या दिवशी सकाळी आलेला मुलगा करावे गावचा. ज्यांच्या जमिनी सिडकोने १९७० नंतर नवी मुंबईसाठी घेतल्या, त्यांपैकी एक कुटुंब. वडील पाण्याचा टँकर चालवतात. करावे गावाला लागून टी. एस. चाणक्य ही जहाजावरील अधिकारी घडवणारी संस्था आहे. १९२७ च्या डफरिन या प्रशिक्षण जहाजापासून, मग राजेंद्र हे जहाज आणि १९९३ पासून किनाऱ्यावरची चाणक्य अशी तिची परंपरा. आता ती भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे. हा मुलगा पांढऱ्या गणवेशातील कॅडेट पाहत मोठा झाला होता. आठवीत असताना त्याने मला विचारले होते की बारावीत भौतिक, रसायन आणि गणित मिळून साठ टक्के पुरतात का. ते मीही त्या दिवशी शोधूनच सांगितले. त्यानंतर दोन वर्षे मी त्याचे उदाहरण इतर वर्गांत देत असे: ध्येय आधी ठरवणारा विद्यार्थी.

दहावीला त्याला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले. मी तक्ता छापून दिला, त्यातून दहा महाविद्यालये क्रमाने लिही म्हटले आणि दुसऱ्या पालकांकडे वळले. दहा मिनिटांनी पाहिले तर त्याच्या दहापैकी सहा लाल होती आणि घराजवळचे, अनुदानित, ठसठशीत हिरवे महाविद्यालय यादीत कुठेच नव्हते. मी चिडले. एवढे श्रम घेऊन केलेला तक्ता हा मुलगा न बघताच लिहितो आहे, असे मला वाटले आणि तसे मी बोललेही. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मी स्टेशनजवळची घेतली. रंग सगळे एकसारखेच छापलेत."

मी कागद उजेडात धरला. छपाई उत्तम होती.

कपाटावर फायली रचलेल्या होत्या. त्यांतली हिरवी काढ, असे मी सहज सांगावे तसे सांगितले. त्याने हात पुढे केला, थांबला, मग मातकट तांबडी काढून दिली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. चुकले की बरोबर, हे रंगावरून नव्हे तर समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्याची सवय त्या नजरेत होती.

दहा वर्षांत हे कुणाच्याच लक्षात कसे आले नाही, याचे उत्तर त्यानेच दिले. खडूंच्या पेटीत रंगांची नावे लिहिलेली असतात. नकाशात त्याने रेघा आणि ठिपके वापरले. लिटमसच्या प्रयोगात जोडीदार बोलायचा, हा लिहायचा. शाळेत नेत्रतपासणी दरवर्षी होते, पण तिथे अक्षरांचा तक्ता असतो आणि अक्षरे त्याला अगदी तळच्या ओळीपर्यंत दिसत. मी स्वतः त्याची अभिरुची चाचणी घेतलेली होती. राज्यात २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली तेव्हा तिचे स्वागत करणाऱ्यांत मीही होते. पण कल मोजणाऱ्या कोणत्याही प्रश्नावलीत मी आजवर "तुला पिकलेली मिरची झाडावर ओळखता येते का?" असा प्रश्न पाहिलेला नाही आणि माझ्या खोलीतही तो कधी विचारला गेला नव्हता.

जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा. रात्री समोरून येणारे जहाज कोणत्या दिशेला वळते आहे हे त्या दोन दिव्यांवरून कळते. त्यामुळे डेकवरील अधिकाऱ्याच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीला सवलत नाही. हे मला ठाऊक होते. त्यालाही ठाऊक होते. दिव्यांची माहिती तर त्याने मला सांगितलेली होती. म्हणूनच त्याला काही न सांगता मी वडिलांना फोन केला आणि डोळे तपासून घेऊ, आजच घेऊ, असे म्हटले. घाईचे कारण अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती हे होते. पण फोनवर दुसरे कारणही कळले. जहाजावर भरती करून देतो म्हणणाऱ्या, बेलापूरच्या एका गाळ्यातील एजंटला त्यांनी चाळीस हजार रुपये आधीच दिले होते आणि उरलेला हप्ता त्याच आठवड्यात द्यायचा होता. मेडिकलची काळजी करू नका, ते आम्ही बघतो, असे त्याने सांगितले होते.

या गाळ्यांविषयी लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, एवढे एक वाक्य मी दरवर्षी पालकसभेत सांगते. त्या सभेला बहुधा आया येतात आणि पैसे बाप देतात.

महापालिकेच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग बंद होण्याआधी आम्ही पोहोचलो: मुलगा, आई, वडील, आजी आणि मी. डॉक्टरबाईंनी ठिपक्यांच्या चित्रांचे पुस्तक काढले. शिनोबु इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी आजही जगभर वापरतात. तिच्यातले पहिले चित्र सर्वांना वाचता यावे असेच केलेले असते. मुलाने ठणठणीत आवाजात "बारा" म्हटले आणि वडिलांनी माझ्याकडे असे पाहिले की उगाच त्रास दिलात. पान उलटले. आम्हाला सगळ्यांना तिथे आठ दिसत होता. मुलगा म्हणाला, "तीन." पुढचे पान, पुन्हा चूक. त्यानंतरच्या काही पानांवर त्याला काहीच दिसले नाही आणि तो पुस्तक जवळ-लांब करू लागला. आजीने मध्येच "नीट बघ ना रे" म्हटले. डॉक्टरबाईंनी पुस्तक मिटले, लाल-हिरव्या रंगांत दोष आहे, जन्मजात आहे, औषध नाही, बाकी दृष्टी उत्तम, असे सांगून कागद लिहिला आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. बाहेर साठ-सत्तर माणसे होती. त्यांनी आणखी थांबावे अशी अपेक्षा करणे योग्य नव्हते.

बाहेरच्या बाकावर आईने मला विचारले, "मॅडम, हे कशामुळे झालं? माझ्या गरोदरपणात काही...?"

मी बारा वर्षे विज्ञान शिकवले आहे. तिच्या मनातली ती शंका ताबडतोब दूर करावी, असे मला वाटले आणि मी वर्गात सांगावे तसे सांगितले की गरोदरपणाचा याच्याशी काही संबंध नाही, हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, मुलाला एक्स आईकडून मिळते, आईला स्वतःला त्रास होत नाही पण तिच्यामार्फत तो पुढे जातो, आणि इथेच थांबायचे सोडून मी विचारले, "तुमच्या वडिलांना रंगांचा गोंधळ व्हायचा का?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचे माहेर दिवाळे कोळीवाड्यातले. मग म्हणाली की बाबा खाडीत मासेमारीला जायचे आणि रात्री समोरच्या बोटीचा दिवा लाल की हिरवा हे नेहमी काकांना विचारायचे. घरच्यांना वाटायचे, उन्हाने डोळे थकलेत. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडल्याचे समाधान क्षणभर दिसले. तेवढ्यात आजी, म्हणजे तिची सासू, म्हणाली, "म्हंजे तुजे म्हायेरशी आयलंय."

त्यानंतर रिक्षात बसेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. वडील हप्त्याविषयी कुणाशी तरी फोनवर ओरडत होते. मी मात्र बोलत राहिले. लोको पायलट आणि विमानचालक होता येणार नाही, पण २०२० मध्ये मोटार वाहन नियम बदलले असून सौम्य आणि मध्यम दोष असणाऱ्यांना वाहनपरवाना मिळतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अशा विद्यार्थ्यांना काही अभ्यासक्रम बंद होते, ते २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुले केले. सागरी विद्यापीठात विशाखापट्टणमला जहाजाचे आराखडे करण्याचे शिक्षण आहे. न्हावा-शेवा बंदर तर डोळ्यांसमोर आहे. सगळे खरे होते आणि सगळे वाया जात होते. ऐकत होता फक्त मुलगा, आणि तोही आईकडे पाहत.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. मी तक्ता काळ्या-पांढऱ्यात छापून प्रत्येक महाविद्यालयापुढे ह, प आणि ल अशी अक्षरे घातली होती. हे सहा वर्षांपूर्वी करायला पाच मिनिटे पुरली असती. त्याने विज्ञान शाखाच ठेवली, घराजवळचे अनुदानित महाविद्यालय पहिले लिहिले आणि जहाजाच्या आराखड्यांच्या अभ्यासक्रमासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते ते वहीत उतरवून घेतले. तो खचला होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. कारण समोरच्याचा चेहरा वाचून त्याप्रमाणे वागण्याची त्याची हातोटी माझ्याहून मोठी आहे. जाताना मात्र म्हणाला, "आई आजीशी बोलत नाही, मॅडम."

मुख्याध्यापकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की तुम्ही खरे तेच सांगितलेत, चाळीस हजारांवरच निभावले, कुटुंबाने तुमचे आभार मानायला हवेत. त्यांना प्रत्येक प्रकरण जमा-खर्चात मांडायची सवय आहे. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने वेगळे विचारले: आईचा प्रश्न "कशामुळे झालं" हा होता की "माझी चूक आहे का" हा? दुसऱ्या प्रश्नाला "नाही" हे एका शब्दाचे उत्तर पुरेसे होते. मी पहिल्याचे सविस्तर दिले, तेही सासूच्या देखत. आमच्या प्रशिक्षणात गोपनीयतेवर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात विद्यार्थ्याची गोपनीयता आहे. बाकावर बसलेल्या सुनेची नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई शाळेत आली. सोबत धाकटी मुलगी होती, सातवीतली. मुलाला प्रवेश मिळाल्याचे तिने सांगितले, एजंटने पंधरा हजार परत दिल्याचे सांगितले, मग मुलीला बाहेर खेळायला पाठवून दार लोटून घेतले.

"हिलापण असेल का हो ते? म्हणजे तिला नाही, तिच्या मुलांना?"

उत्तर मला पाठ आहे. दोष पुढे नेणारे गुणसूत्र मुलीला मिळण्याची शक्यता निम्मी. मी ते सांगितले. या वेळी दार बंद होते आणि खोलीत आम्ही दोघीच होतो, म्हणून सांगितले.

तिने मान हलवली आणि विचारले, "मग हिच्या लग्नाच्या वेळी हे सांगावं लागेल?"

मी म्हटले की अजून खूप वर्षे आहेत. ती हसली, पदर सावरला आणि मुलीला हाक मारायला उठली. तिला हवे होते ते उत्तर हे नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळले होते.