दोरीसकट

आज कामानिमित्त अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला गेलो होतो. येताना मुद्दाम वाट वाकडी करून मॅकॉय स्टेडियमच्या जागेवरून गाडी आणली. १९४२ चं बांधकाम, आता जमीनदोस्त. इथली पॉसॉक्स ही बेसबॉल टीम तर २०२१ मध्येच वूस्टरला गेली.

लेक लहान असताना इथे मायनर लीगचं (दुय्यम पातळीचं) बेसबॉल बघायला यायचो. प्रेक्षक वर, खेळाडू खाली. मग पोरं दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापून त्यात बॉल आणि पेन ठेवायची, दोरीने खाली सोडायची. डिट्टो विहिरीतला पोहरा! वर ओढला की बॉलवर सही.

पण या गावाची खरी मिरास म्हणजे १८ एप्रिल १९८१ ला सुरू झालेली रॉचेस्टरविरुद्धची मॅच. नऊ डावांचा खेळ, बरोबरी काही सुटेना. बत्तीस डाव झाले, पहाटेचे चार वाजून गेले. थंडी इतकी की खेळाडूंनी तुटक्या बॅटी जाळून शेकोटी केली. प्रेक्षक उरले १९. (मी विसाव्या डावालाच झोपलो असतो!) शेवटी मॅच थांबवली. तेहतिसावा डाव थेट २३ जूनला, १८ मिनिटांत खलास. पॉटकेट ३-२.

लेकाला फोन केला. म्हणाला, "बाबा, आपला कॅन गॅरेजमध्ये असेल बघ."

आहे. दोरीसकट.