किल्ली कुणाकडं?

“साहेब, वाटण्याचं ऱ्हाऊ द्या. मोटारीच्या पेटीची किल्ली कुणाकडं ऱ्हाणार, तेवढं आधी लिवा.”

आज लातूरला मध्यस्थीच्या बैठकीत थोरला भाऊ एकदम असं बोलला. मध्यस्थ मी. दावा 2016 चा, दोघा भावांतल्या जमिनीच्या वाटपाचा. वादपत्र, कैफियत, कोर्ट कमिशनरचा नकाशा, सगळं मी चाळलेलं. किल्लीचा उल्लेख कुठंच नाही.

विहीर सामाईक, मोटार एकच. स्टार्टरच्या पेटीला कुलूप आणि किल्ली धाकट्याच्या करदोट्याला. रात्रीची लाइट आली की थोरल्यानं त्याच्या दारात जाऊन हाक मारायची.

“धाकट्याला हाक मारायची लाज वाटती, साहेब.”

धाकटा म्हणाला, “मागितली असती तर दुसरी करून दिली असती की.”

“तू बोलत होतास का?”

यावर दोन्ही वकिलांनी एकाच वेळी मोबाइल काढले.

लवाद म्हणून बसतो तेव्हा निवाडा मला द्यायचा असतो. मुद्दे काढले की त्यापलीकडं फारसं बघायचं नसतं. मध्यस्थाला निकालाचा अधिकारच नाही, म्हणूनच बहुधा त्याच्यापुढं लोक किल्लीचं बोलतात. कोर्टाला दावा मध्यस्थीसारख्या मार्गानं मिटवायला पाठवता येतो, ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं आताचं कलम 89 लागू झालं 2002 मध्ये. तरी आपल्या वकिलांतले कितीतरी जण पक्षकाराला अजून सांगतात, “तिथं नुसता वेळ जातो.”

जमिनीचं अजून मिटलेलं नाही, पुढची तारीख ठेवलीय. (मध्यस्थीतलं बोलणं गुप्त असतं; दोघांना विचारून, नाव-गाव गाळून लिहितोय.)

वकील मित्रांनो, रोजचा त्रास नेमका कशाचा आहे, हे पक्षकाराला शेवटचं कधी विचारलंत?