लिफ्टमध्ये न मावणारं उत्तर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तळजाईच्या चढावर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला एकच प्रश्न येतो: "काय मग, कॅन्सरवर औषध सापडलं का?" पाषाणला एका प्रयोगशाळेत मी औषध वाहून नेणारे नॅनोकण बनवते, हे एकदा कळलं की सुटका नाही. तिसरा मजला येईपर्यंत उत्तर द्यायचं असतं, म्हणून मी "चाललंय" म्हणते.

काय चाललंय, ते असं. कॅन्सरची गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्यांचं बांधकाम कच्चं असतं. भिंतींना फटी राहतात. 1986 साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं की मोठे रेणू या फटींतून गाठीत शिरतात आणि तिथेच साचून राहतात. म्हणजे औषध शंभरएक नॅनोमीटरच्या पुडीत बांधलं, की चांगल्या रक्तवाहिन्यांतून ते गळणार नाही आणि गाठीत बरोब्बर उतरेल. केसाच्या जाडीत अशा कित्येक शे पुड्या शेजारी शेजारी बसतील. कल्पना इतकी देखणी होती की माझ्यासारख्या हजारोंनी तिच्यावर आयुष्यं लावली.

मग 2016 मध्ये कोणीतरी हिशेब मांडला. दहा वर्षांत छापून आलेले, मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिलं, तर टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचत होते साधारण 0.7 टक्के. हजार पत्रं टाकली, सात पोचली. बाकीचे कण जातात कुठे? बरेचसे यकृतात आणि प्लीहेत. यकृत म्हणजे जुन्या पुण्याचा जकात नाकाच, परका ट्रक दिसला की अडवलाच. पीएचडीच्या काळात माझ्या कणांना चमकणारा रंग लावून मी पहिल्यांदा उंदराचं चित्र घेतलं, तेव्हा गाठ मिणमिणत होती आणि यकृत दिवाळीसारखं लखलखत होतं. माझे गाइड शांतपणे म्हणाले, "छान दिसतंय. फक्त जागा चुकली." पेट्रीडिशमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पेशी वाढवायच्या बशीत, याच कणांनी कॅन्सरच्या पेशी साफ केल्या होत्या. वर्तमानपत्रातल्या "कॅन्सरवर मात" छाप बातम्या पुष्कळदा पेट्रीडिशपाशीच थांबलेल्या असतात.

सुवर्णभस्म म्हणजे नॅनोच ना, असंही विचारतात. कण बारीक असला म्हणजे औषध झालं असं नाही, एवढंच म्हणते आणि विषय बदलते. पुण्यात हा वाद जेवणापूर्वी काढू नये.

"आईला विसरायला होतं, मेंदूपर्यंत नाही का जात तुमचे कण?" हा प्रश्न मात्र मला हलवतो. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी आपल्याइतक्याच वयाच्या असतात. त्या विभागत नाहीत, म्हणून त्यांचा कॅन्सर क्वचितच होतो, पण त्याच कारणाने गेलेल्या पेशीच्या जागी नवीही येत नाही. वर तिथल्या रक्तवाहिन्या गाठीच्या अगदी उलट, पेशीला पेशी घट्ट शिवलेल्या. आमची सगळी भिस्त फटींवर, आणि तिथे फटच नाही.

मग काहीच सापडलं नाही का? सापडलंय, पण प्रश्नात विचारलेलं नाही. माझ्या आत्याचा अंडाशयाचा कॅन्सर उलटला तेव्हा डॉक्टरांनी तिला लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन दिलं. डॉक्सोरुबिसिन हे जुनं, लालभडक औषध. कॅन्सर मारतं, पण हृदयालाही इजा करतं. तेच चरबीच्या सूक्ष्म फुग्यात भरलं की हृदय बऱ्यापैकी वाचतं. अमेरिकेत या रूपाला 1995 मध्ये मान्यता मिळाली. त्याची मोठी कमाई ही हृदयाची बचत. गाठीवरचा नेम त्यामानाने बेताचाच.

पण फुगे तळहात-तळपायांच्या बारीक रक्तवाहिन्यांतूनही झिरपतात असं मानतात. तिसऱ्या डोसनंतर आत्याच्या तळहातांची सालं निघायला लागली. गरम पाणी बंद, भांडी घासणं बंद. चहाचा कप ती रुमालात धरायची. एका रविवारी मी तिला हे फुग्यांचं सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"यातलं तू काय बनवलंस गं? फुगा की आतलं औषध?"

"दोन्ही नाही, आत्या."

"बरं," ती म्हणाली, "मग तेवढी भांडी तरी घासून टाक."