२२ हजारांचा सुस्कारा आणि छत्रूची रात्र

पुणे ते मनाली तीन दिवस. त्यात सांगण्यासारखं काहीच नाही: टोलनाके, कंबरदुखी आणि मेव्हण्याची गाण्यांची लिस्ट. डिकीत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी प्रत्येक खड्ड्याला खडखडत होतं, त्याला शिव्या घालत आम्ही मनाली गाठलं. हे गोणपाट लक्षात ठेवा.

आधी कबुली देतो. निघायच्या पंधरा दिवस आधी मी माझ्या डिझेल थारचा कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाची हवा गाळणाऱ्या फिल्टरचा बंद डबा, काढून त्याजागी बाहेरचं इंटेक किट बसवून घेतलं होतं. चकचकीत पाइप, टोकाला उघडा शंकूसारखा फिल्टर, कापसाच्या जाळीचा, तेल लावायचा. मजुरीसकट २२ हजार. घरी सांगितलं, ‘हिमालयात हवा विरळ असते, इंजिनाला श्वास मोकळा हवा.’ खरं कारण आवाज. गिअर बदलताना पाय उचलला की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, असा काही सुस्कारा सोडायचा की कोथरूडच्या सिग्नलला लोक वळून बघायचे. निदान मला तसं वाटायचं.

मनालीच्या हॉटेलात रात्री मी तो फिल्टर धुऊन वाळवला आणि तेल जरा सढळ हातानेच लावलं. पुढे धूळ फार, म्हणजे तेलही जास्त, असा माझा हिशोब.

जुलैचा शेवट होता. अटल बोगदा ९ किलोमीटरचा, दहा-बारा मिनिटांत आपण थेट लाहौलमध्ये. कोकसरवरून ग्रांफूला स्पितीचा फाटा घेतला आणि रस्ता संपला. म्हणजे नकाशात होता. प्रत्यक्षात चंद्रा नदीच्या काठाने गोटे, चर आणि पिठासारखी धूळ. पुढे आठ-दहा गाड्यांचा एक तांडा, प्रत्येकीवर ‘एक्स्पिडिशन’चे स्टिकर, आणि एकालाही दोन गाड्यांत अंतर ठेवायची अक्कल नाही. ओव्हरटेक करायला जागा नाही, थांबायची माझी तयारी नाही. तासभर त्यांची धूळ खात गेलो. आम्ही काचा लावून घेतल्या. इंजिनाला काचा नसतात.

छत्रूच्या अलीकडे गाडी ओढेनाशी झाली. चढाला पिकअप नाही, मागे काळा धूर आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मेव्हणा म्हणाला, “दाजी, हाइटमुळे असेल.” मलाही तेच हवं होतं. कसंबसं छत्रू गाठलं तर ढाब्यावर कळलं, पुढचा नाला चढलाय. दिवसभराच्या उन्हाने वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी वाढत जातं; सकाळी सातच्या आत जा, गुडघ्याखाली असेल. झाला मुक्काम. तंबूवजा खोली, रजया ओलसर आणि वासाच्या. पण राजमा-चावल असा की मी तीनदा घेतला, आणि तिसऱ्या वाढीचे पैसे ढाबेवाल्याने घेतलेच नाहीत. तारांकित हॉटेलांत पाण्याच्या बाटलीचेही लावतात.

स्पितीतल्या लोसर गावचा एक सुमोवाला तिथेच अडकला होता. काळा धूर त्याने लांबूनच पाहिला होता. जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, “बॉनेट खोलो भाईजी.” उघडलं. त्याने आधी शंकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. क्लॅम्प ढिला केला, पाइप काढला आणि फिल्टरच्या मागच्या बाजूने, म्हणजे जिथे फक्त गाळलेली हवा असायला हवी तिथे, आत बोट फिरवलं. बोट बाहेर आलं ते करडं, चिकट. त्याने ते माझ्या अंगठ्याला पुसलं. मी चिमटीत चोळलं तर करकरलं. दातांखाली खडा यावा तसं. माझ्या अंगावर काटा आला.

तो सांगत गेला तसतसं उलगडत गेलं. पाइपला आधाराची पट्टीच नव्हती. खडखडाटात रबराचा जोड सरकला होता आणि फिल्टरला वळसा घालून धूळ सरळ आत जात होती. मी ओतलेलं जादा तेल हवेबरोबर पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं होतं. त्याची तार केसासारखी बारीक. तिच्यावर तेल-धुळीचा लेप बसला की इंजिनाचा हिशोबच चुकतो. वर तो शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होता. गरम हवा विरळ असते, म्हणजे मी पैसे मोजून उलटंच करून घेतलं होतं. आणि चकचकीत पाइप टाकून उंचीवर फायदा तो काय? पुढच्या कुंझुम खिंडीच्या साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उंचीवर जो काही भार उचलायचा तो टर्बो उचलतो, आणि तो कंपनीच्या कागदी फिल्टरमागेही उचलतोच.

“कंपनीवाला डब्बा किधर है?”

मेव्हण्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. गोणपाट! गॅरेजच्या पोराने जुना एअरबॉक्स गुंडाळून डिकीत टाकला होता आणि मी आळसाने तो घरी उतरवलाच नव्हता. आम्ही त्यात चपला कोंबल्या होत्या.

चपला काढल्या. पाइप आतून पुसायला मेव्हण्याने स्वतःचं बनियन दिलं. दोनदा धुतलं तरी ते काळंच राहिलं. शेजारच्या बाइकवाल्याकडे कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे निघाला. “तार को हाथ मत लगाना,” एवढंच सुमोवाला तीनदा म्हणाला. डब्यातला कागदी फिल्टर त्याने टायरवर हलकेच आपटला आणि बसवला. असला नवा फिल्टर काहीशे रुपयांत मिळतो.

हे चाललेलं असताना शेजारच्या गाडीचे मालक येऊन त्यांच्या स्नॉर्केलचं, म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीचं, कौतुक सांगू लागले. सुमोवाल्याने त्यांचंही बॉनेट उघडायला लावलं. वर नळी छतापर्यंत, खाली एअरबॉक्सशी जोड नुसता चिकटपट्टीचा, आणि डब्याच्या तळाचं पाणी निथळायचं भोक तसंच उघडं. नाल्यात पाणी तिथूनच शिरणार. इंजिनात पाणी गेलं की ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. गृहस्थ एकदम गप्प झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नीट सील केलेलं स्नॉर्केल धुळीत उपयोगीच, वरची हवा स्वच्छ असते. पण तेवढ्या निगुतीने बसवणारे हात कमी.

पैसे दिले तर सुमोवाल्याने घेतले नाहीत. भाकरवडीचं पाकीट मात्र घेतलं, आणि वर विचारलं, “ये मीठा है कि नमकीन?” आम्हालाही नीट सांगता आलं नाही.

सकाळी साडेसहाला नाला खरंच गुडघ्याखाली. थंडगार पाणी, गोल गोटे, पहिल्या गिअरमध्ये, न थांबता. दिवा विझलेला, धूर नाही, आवाजही नाही. कुंझुमला मातेच्या देवळाला रिवाजाप्रमाणे गाडीतूनच फेरी मारली. काझा, की, लांगझा सगळं सुंदर आहे, फोटो टाकेन कधीतरी.

किट बाल्कनीत पडून होतं. परवा मेव्हण्याचा फोन आला.

“दाजी, तो शंकू नको असेल तर माझ्या गाडीला बघू का?”

“अरे, बनियन तुझंच गेलं ना त्यात?”

“हो, पण आवाज काय होता राव!”