दाढीच्या ब्रशाची मूठ कातताना

दाढीच्या ब्रशाची मूठ कातायला घेतली की हात आधी आकाराकडे धावतो. मी मात्र आधी केसांच्या झुपक्याची खाच पाडून घेतो. ठोकळा नुसता गोल झालेला असताना टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या लेथ यंत्राच्या ठोकळ्यासमोरच्या सरकत्या आधारात, सपाट तळाचे भोक पाडणारे फॉर्स्टनर बिट लावावे आणि लेथचा वेग कमी ठेवून खाच पाडावी, म्हणजे पुढचा सगळा आकार तिच्याच केंद्राभोवती उतरतो. खाच दोन-तीन मिलिमीटर जास्त खोल गेली, तर केसांची मोकळी लांबी तेवढीच घटते आणि ब्रश ताठ लागतो. उथळ राहिली, तर तो मऊ पण लुळा होतो. म्हणूनच एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) लावण्याआधी झुपका नुसताच बसवून ब्रश गालावर फिरवून पाहावा.

लाकडात माझी पसंती शिसवीला आहे. सागवान पाण्याला टिकते खरे, पण त्यातल्या सिलिकेमुळे पटाशीची धार लवकर जाते आणि अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, त्यामुळे आधी अॅसिटोनने पुसून घ्यावे लागते.

खरा प्रश्न पॉलिशचा आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवण्याची रीत सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे आपल्या परिचयाची आहे, आणि ती चकाकी मुठीवरही यावी असे कोणालाही वाटेल. पण लाख अल्कलीत विरघळते, दाढीचा साबण अल्कधर्मी असतो, आणि गरम पाण्याने तिच्यावर पांढरे डाग उठतात. खेळण्याला शोभते ते न्हाणीघरात टिकत नाही. म्हणून 400 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून झाल्यावर मी पातळ सायनोअॅक्रिलेट गोंदाचे हात एकावर एक देतो. पाणी सर्वांत जास्त शिरते ते लाकडाच्या आडव्या कापलेल्या तंतूंतून, म्हणजे मुठीच्या तळातून आणि खाचेतून. बाहेरून आरशासारखी चमकणारी मूठ तिथे उघडी राहिली, तर लाकूड फुगते आणि पुढे तडा जातो.

सेफ्टी रेझरच्या दांड्याला साबणाच्या हाताने पकड मिळावी म्हणून टोकदार पटाशीने बारीक वळ्या पाडतो. नुसते लाकूड हलके असते आणि डोके जड, तेव्हा आत पितळी सळई घातल्यास तोल सुधारतो. डोक्यासाठीचा आट्यांचा पितळी तुकडा तिरका बसला, तर पातेही कलते. म्हणून तोदेखील टेलस्टॉकच्या आधाराने सरळ आत दाबावा आणि एपॉक्सी घट्ट होईपर्यंत दांडा लेथवरून काढू नये.