ठेवलेला दगड

वेरूळच्या सोळा नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलास मंदिरात, शिरलं की सगळे मंदिराकडे तोंड करून उभे राहतात. अण्णा मात्र मंदिराला पाठ करून डोंगराच्या कापलेल्या भिंतीशी गेले. त्या भिंतीवर छिन्नीच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात, एकीखाली एक, शेत नांगरल्यासारख्या. अण्णांनी एका रेघेवर अंगठा ठेवला, तो वरून खाली फिरवला आणि म्हणाले, "उजव्या हाताचा माणूस हाय ह्यो."

अण्णा म्हणजे माझे वडील. फलटणजवळच्या आमच्या गावात चाळीस वर्षं त्यांनी दगड फोडला आणि घडवला. आधी पाटे-वरवंटे, जाती, उखळं. घरोघर मिक्सर आले तसं ते काम आटलं. मग जोत्याचे दगड, देवळाच्या पायऱ्या, कुठे एखादी दीपमाळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावोगाव पाट्यांना टाकी लावायला जायचे तेव्हा मी सोबत असायचे. संध्याकाळी आई माझ्या केसांतली दगडाची भुकटी झटकायची. आता अण्णांची सत्तरी उलटली आहे, गुडघे दुखतात, आणि कैलास त्यांनी कधीच पाहिला नव्हता. इतकी वर्षं मी पुण्यात नोकरी करते आहे, पण त्यांना वेरूळला न्यायचं मला सुचलं नव्हतं. या जानेवारीत नेलं. (जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.)

आता २००७ सालची एक आठवण. जगातली नवी सात आश्चर्यं मतदानाने निवडायची टूम निघाली होती आणि ताजमहालासाठी एसएमएस पाठवा, असं जिकडेतिकडे सांगत होते. मीही पाठवले. ७ जुलैला लिस्बनमध्ये निकाल लागला. दहा कोटींवर मतं आल्याचं आयोजकांनी सांगितलं आणि ताज यादीत आला. ऑफिसात पेढे वाटले. या मोजणीशी आपला संबंध नाही, असं युनेस्कोने तेव्हाच जाहीर केलं होतं. मी सुट्टीला घरी गेले तेव्हा अण्णांनी विचारलं होतं, "मत दिलेल्या किती जणांनी दगडाला हात लावलाय?" मला तेव्हा तो प्रश्न नुसता तिरकस वाटला होता.

सात आश्चर्यांची मूळ यादी ग्रीकांची. भूमध्य समुद्राच्या आसपास हिंडणाऱ्या माणसांनी केलेली, 'डोळ्यांनी बघून यावीत अशी ठिकाणं' या अर्थाची. त्यातला गिझाचा पिरॅमिड तेवढा आज उभा आहे. बाबिलोनच्या झुलत्या बागा नेमक्या कुठे होत्या, हेही अजून सापडलेलं नाही. वेरूळ त्या यादीत असणं शक्यच नव्हतं. कैलास आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातला. काही भाग नंतरच्या राजांनी वाढवले असं अभ्यासक मानतात, पण मुख्य काम त्याचं. वेरूळ १९८३ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेलं, अजिंठा, ताज आणि आग्र्याच्या किल्ल्याबरोबर. यादीत नाव असल्याचा मला आनंदच आहे. पण एखादी जागा आश्चर्य कशामुळे ठरते, याचं उत्तर मला त्या दिवशी अण्णांच्या मागे मागे फिरताना मिळालं.

लेण्याचं अंगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद. मागची भिंत शंभर फुटांहून उंच. डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला आणि वरून खाली उतरत तो कोरला. काढलेल्या दगडाचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण दोन लाख टन हा आकडा सगळ्यात जास्त ऐकू येतो. तो ऐकल्याबरोबर अण्णा हिशेबाला बसले. दहा टनाचा एक ट्रक धरला तर वीस हजार खेपा. कृष्णाचं राज्य साधारण इ. स. ७५६ ते ७७३, म्हणजे सतरा वर्षं. मोबाइलवर मी भागाकार केला: दिवसाला बत्तीस टन. अण्णा म्हणाले, "अडीचशे माणसं धर. माणशी सव्वाशे-दीडशे किलो. हुतंय की! सुरुंग नसला तरी हुतंय."

हा हिशेब महत्त्वाचा होता, कारण आदल्या रात्री लॉजवर माझ्या भाच्याने त्यांना एक व्हिडिओ दाखवला होता. हे माणसाला शक्य नाही, परग्रहावरून कुणीतरी आलं होतं, असल्या यंत्राने दगडाची वाफ केली, वगैरे. अण्णा व्हिडिओ संपेपर्यंत गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "म्हंजे आमच्या लोकांना येत नव्हतं?" त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. ज्यांची नावं कुठल्याच शिलालेखात नाहीत त्यांच्याकडे त्यांचं काम तेवढं उरलं आहे, आणि आता तेही काढून घ्यायचं?

दगड किती काढला याचं अण्णांना फारसं अप्रूप नव्हतं. खाणीत आयुष्य गेलेल्याला ते नसतंच. त्यांना अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. अंगणातल्या ध्वजस्तंभाशी ते बराच वेळ उभे राहिले. तो खांब कुठून आणून उभा केलेला नाही. बाजूचा डोंगर काढला आणि तो तेवढा राहू दिला. मंदिराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, सगळं मंदिर पाठीवर तोलून धरल्यासारखी. दक्षिणेला कैलास हलवणारा रावण आहे, त्याचे हात दगडातून जवळजवळ मोकळे सुटलेले. नंदीमंडप आणि मुख्य मंदिर यांच्यामध्ये दगडाचाच पूल आहे. अण्णा म्हणाले, "काढलेला दगड बगू नको. ठेवलेला बग. वर कळसापाशी पहिला घाव घालतानाच ठरवावं लागलं असंल, खाली हत्तीच्या सोंडेला किती दगड ठेवायचा."

मग त्यांनी मला बांधकाम आणि हे यांतला फरक समजावला. भिंत रचताना एक दगड वाईट निघाला तर तो बाजूला टाकतात, दुसरा घेतात. इथे दुसरा दगड नाही. आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला लाव्हा. त्यात कुठे चीर असेल, कुठे पोकळी, हे घाव घातल्याशिवाय कळत नाही. शंभर फुटांपर्यंत आत काय आहे ते माहीत नसताना हात घालायचा. मंदिरातून बाजूच्या ओवऱ्यांकडे जाणारे दगडी पूल पडले आहेत, ते पडलेलेच आहेत. हत्तींच्या तुटलेल्या सोंडांचंही तसंच.

कळस आधी होण्याची एक लोककथाही आहे. राणीने व्रत केलं, देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. कुठल्याच कारागिराला इतक्या लवकर कळस दाखवता येईना. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी आला, वरूनच कोरायला लागला आणि आठवड्यात कळस दाखवला. मी ही गोष्ट सांगितल्यावर अण्णांनी मान डोलावली. "त्याला पैल्यापासून सगळं दिसत हुतं."

मी त्यांना बडोद्याच्या ताम्रपटाबद्दलही सांगितलं. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाचा तो ताम्रपट, इ. स. ८१२-१३ चा, म्हणजे काम झाल्यावर जेमतेम चाळीस वर्षांनी लिहिलेला. त्यात म्हटलंय की विमानातून जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क झाले, हे स्वयंभूच असणार म्हणाले. आणि ज्याने ते घडवलं त्यालाही पुन्हा तसं साधेना, आपण हे कसं केलं याचंच त्याला नवल वाटलं. देवांचं थक्क होणं तर कुठल्याही प्रशस्तीत लिहितात. माझा जीव त्या कारागिराच्या नवलात अडकतो. स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिलेला तो माणूस मला दिसतो.

अनोळखी माणूस थक्क होतो ते सोपं आहे. मीही पहिल्यांदा आले तेव्हा झाले होते, फोटो काढले, परत गेले. पण ज्याला त्या कामातला प्रत्येक घाव ओळखता येतो, किती माणसं लागतील याचा हिशेब जो पाच मिनिटांत मांडतो, त्याचाही हिशेब पुरा झाल्यावर जे उरतं, त्याला मी आश्चर्य म्हणेन. अण्णांना शेजारची लेणी दाखवली, पुढचं तीस नंबरचं जैन लेणंही, ज्याला छोटा कैलास म्हणतात आणि ज्याचं काम अर्धवट राहिलं आहे. ते सगळं त्यांनी आदराने पाहिलं. तरी परत येताना म्हणाले, आणखी एकदा सोळाला जाऊ.

या वेळी त्यांना डोंगरावरून पाहायचं होतं. लेण्याच्या बाजूने वर जायला पायवाट आहे. गुडघ्यांचं कारण सांगून मी अडवायला बघितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून, चार वेळा थांबून, वर चढले. वरून मंडपाचं छप्पर दिसतं. त्यावर मोठं कमळ कोरलंय आणि चार सिंह चारी दिशांना चालले आहेत. खाली माणसं मुंग्यांएवढी.

अण्णा कड्यापासून जरा मागे, गवतात उघड्या पडलेल्या खडकावर बसले. तो खडक खालच्या मंदिराचाच, न कोरलेला. त्यांनी तळहाताने त्यावरची माती सारली, बोटाच्या पेराने दोन ठिकाणी ठोकलं आणि कान लावला. "आधी रेघ मारली असंल," ते म्हणाले. "गेरूनं, न्हाईतर कोळशानं. मग कुणीतरी पैला घाव घातला. इथंच कुठंतरी."

भाचा खाली वाकून त्या खडकावर काही खूण दिसते का ते शोधायला लागला. अण्णांनी त्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, थोडं पाणी खडकावर ओतलं, आणि ओला दगड कसा काळाभोर होतो ते त्याला दाखवत राहिले.