पोटात की काखेत

टी. वाय. बी. ए.च्या शेवटच्या सत्रात दक्षिण आशिया शिकवताना नेपाळच्या वाट्याला जेमतेम एक व्याख्यान येतं. मुलांच्या गाइडात साधारण असं छापलेलं असतं: माओवाद्यांनी 2006 मध्ये शस्त्रं खाली ठेवली आणि ते मुख्य प्रवाहात आले. या एका ओळीत दोन चुका आहेत. शस्त्रं त्यांनी खाली ठेवली नाहीत. कंटेनरमध्ये ठेवली, कुलूप लावलं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली. मुख्य प्रवाहाचं म्हणाल, तर तिथे ते आधीच जाऊन आले होते. 1991 च्या निवडणुकीत त्यांच्या संयुक्त जनमोर्चाने 9 जागा जिंकल्या होत्या. पुढे पक्षात फूट पडली, 1994 मध्ये निवडणूक आयोगाने दुसऱ्या गटाला मान्यता दिली, आणि 13 फेब्रुवारी 1996 ला यांनी सरकारविरुद्ध युद्ध सुरू केलं. म्हणजे हे लोक निवडणुकीतून जंगलात गेले होते आणि जंगलातून पुन्हा निवडणुकीत आले.

ही गाठ फळ्यावर सुटत नाही, म्हणून दोन सलग तास घेऊन एक खेळ घेतो. वर्गाचे सहा गट. सात पक्षांची आघाडी, माओवादी, नेपाळी सेना, संयुक्त राष्ट्रं, देणगीदार देश, तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातले मधेशी. प्रत्येक गटाला बंद पाकिटात एक कागद, त्यातले आकडे बाकीच्यांना दाखवायचे नाहीत. माओवाद्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं: खरे लढवय्ये सात-आठ हजार, सांगायचे पस्तीस हजार. हा आकडा मी बनवलेला नाही. माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी शक्तिखोरच्या छावणीत आपल्याच माणसांसमोर तो सांगितला होता आणि 2009 मध्ये त्याची चित्रफीत बाहेर आली.

गटांनी चारच गोष्टी ठरवायच्या: मोजायचं कुणाला, ठेवायचं कुठे, बंदुका कुठे, चावी कुणाकडे.

मुलं दर वर्षी त्याच ठिकाणी अडखळतात. पहिली वीस मिनिटं मंत्रिपदांच्या वाटपात जातात (ही सवय त्यांना कुठून लागली ते सांगायला नको). मग कुणीतरी चावी संयुक्त राष्ट्रांकडे देऊन टाकतं आणि माओवादी गट उठून जातो. तिथे थांबवून मी कंटेनर काढून दाखवतो. आत फळ्या, प्रत्येक बंदुकीची क्रमांकासह नोंद, एकच कुलूप, किल्ली ज्याची बंदूक त्याच्याकडे. दार उघडलं की वाजणारा भोंगा, भोवती उजेड, चोवीस तास कॅमेरा. युद्ध थांबवणाऱ्या 2006 च्या करारात शरणागती हा शब्दच नाही, शस्त्रांचं व्यवस्थापन आहे. किल्ली काढून घेतली असती तर तीच शरणागती झाली असती. भोंग्यामुळे किल्ली त्यांच्याकडे राहिली तरी गुपचूप वापरता येत नव्हती. आणि जी गोष्ट सेनेचा गट हमखास विसरतो: माओवाद्यांनी जितकी शस्त्रं आत ठेवली, तितकीच नेपाळी सेनेलाही कुलूपबंद करावी लागली. 7 मुख्य छावण्या, प्रत्येकीला 3 उपछावण्या. पहाऱ्यासाठी मुख्य छावणीत 30 आणि उपछावणीत 15 बंदुका बाहेर ठेवायची मुभा. एकूण नोंद झाली 3,475 शस्त्रांची.

माणसं मात्र नोंदली गेली 32,250. इथे वर्गात कुणीतरी भागाकार करतंच आणि विचारतं, सर, दहा माणसांत एक बंदूक? हा प्रश्न आला की तास वसूल झाला असं मी समजतो. मोजणीत किती माणसं धरली जातात यावर छावणीचा भत्ता, पुढची भरपाई आणि सेनेत घ्यायच्या माणसांची घासाघीस अवलंबून होती. आंब्याच्या पेट्या मोजून झाल्याशिवाय वाशीचा दलाल पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब करत नाही, तसंच. युनमिनने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या पथकाने, जून 2007 पासून दुसरी फेरी केली. 8,640 जण मुलाखतीला आलेच नाहीत. 4,008 अपात्र ठरले, त्यातले 2,973 जण 25 मे 1988 नंतर जन्मलेले, म्हणजे युद्धबंदीच्या वेळी अठरा न भरलेले. उरले 19,602, त्यात 3,846 बायका.

एका वर्षी हा खेळ जानेवारीत आला. मोहोर फुटलेला, तुडतुड्यावर फवारण्या चालू. वर्गातल्या एकीची पावसजवळ कलमांची बाग आहे. ती आदल्या दिवशी म्हणाली, आमच्या बागेत राखणीला आहेत ते दाजू तिकडे छावणीत होते, आणू का? आपल्याकडे बागेतल्या आणि होडीवरच्या प्रत्येक नेपाळ्याला गुरखा किंवा बहादूर म्हणून मोकळे होतात, दहा हंगाम झाले तरी मालकाला नाव माहीत नसतं. ही दाजू, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ, म्हणत होती, म्हणून मी हो म्हटलं.

इथे येणारे बहुतेक पश्चिम नेपाळातले. हे दाजू पूर्वेचे, नेपाळातल्या उदयपूरकडचे. छावणी इलाममधली चुलाचुली. लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून मुलं सरसावून बसली होती. ते मागच्या बाकावर बसून खेळ बघत राहिले आणि चावीचा वाद रंगला तेव्हा हिंदी-मराठीच्या मिश्रणात एवढंच म्हणाले, "चावी कुणाकडे पण द्या. यादी कुणाकडे आहे ते विचारा."

मग संयुक्त राष्ट्रांच्या गटाचा कागद त्यांनी मागून घेतला. देवनागरीच असल्यामुळे बोट ठेवून वाचला. शेवटची ओळ होती: अठरा वर्षांखालील मुलांना तात्काळ घरी पाठवावे.

"तात्काळ म्हणजे किती दिवस?"

लिहिणारी मुलगी म्हणाली, "आठ दिवस."

"आम्हाला तीन वर्षं लागली."

खऱ्या करारातही अशीच ओळ आहे. अठराखालच्यांना सन्मानाने, आपोआप मोकळं करायचं. प्रत्यक्षात ते बाहेर पडले जानेवारी-फेब्रुवारी 2010 मध्ये. मधल्या काळात त्यांच्याच पक्षाने 2008 ची निवडणूक लढवून 575 पैकी 220 जागा घेतल्या, राजेशाही गेली, प्रचंड पंतप्रधान झाले आणि सेनाप्रमुखाच्या वादात पायउतारही झाले. छावणीतली पोरं तिथेच. सरकारी कागदात त्यांच्यासाठी शब्द होता अयोग्य. नेपाळीतही अयोग्य म्हणजे अयोग्यच, वर्गाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

यानंतर त्यांनी मुलाखतीचं सांगितलं. भरती झाले तेव्हा पंधरा वर्षांचे, नागरिकतेचा दाखला नाही, शाळेचा कागद गावात राहिलेला. छावणीतल्या वरच्यांनी सगळ्या लहानांना पाठ करून घेतलं होतं: जन्मसाल विचारलं तर 2043 सांगायचं. विक्रम संवतातून साधारण 57 वजा केले की आपलं साल येतं, म्हणजे 1986. सुरक्षित आकडा. टेबलापलीकडच्या बाईने साल विचारलं, यांनी 2043 सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि सहज विचारलं, 2045 च्या भुइँचालोला तुम्ही केवढे होतात?

तो भूकंप 21 ऑगस्ट 1988 चा, उदयपूरच्याच भागातला. त्या मुलखात प्रत्येक आई पोराचं वय त्यावरून सांगते. यांनी विचार न करता आई नेहमी म्हणायची तेच सांगितलं: "आमाको पेटमा." आईच्या पोटात.

दोन वर्षांचं पोर पोटात कसं असेल? यादीतली त्यांची ओळ तिथेच संपली.

वर्ग हसला, तेही हसले. मग म्हणाले, मावशी वेगळं सांगते. ती म्हणते भूकंप झाला तेव्हा तू काखमा होतास. काखमा म्हणजे आईच्या मांडीवर, जन्मून झालेला. एखाद-दोन महिन्यांचा असता तरी अयोग्यच. पण 25 मेच्या आधीचा असता, तर तीन महिन्यांचं अंगावरचं पोर आणि कायद्याने पुरा सैनिक. आई आणि मावशी या दोघींमध्ये ठरवायचं राहून गेलं.

त्या तीन महिन्यांची किंमत काढता येते. 1 नोव्हेंबर 2011 च्या सात कलमी समझोत्यात सेनेत जास्तीत जास्त 6,500 जणांना घ्यायचं ठरलं होतं, शेवटी गेले सुमारे 1,400. बाकी बहुतेकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली: हुद्द्याप्रमाणे 5 ते 8 लाख नेपाळी रुपये, दोन हप्त्यांत, चेकने. पक्षाने त्यातून आणि आधीच्या भत्त्यातून किती कापून घेतलं यावरून छावण्यांत भांडणं झाली, तो वेगळा विषय. अयोग्यांना यातलं काही नाही. त्यांना शिवण, दुरुस्तीकाम असलं प्रशिक्षण किंवा शाळा. यांनी मोबाईल दुरुस्ती शिकली. ज्या मोबाईलवर शिकले ते बटणवाले.

एका मुलाने विचारलं, पक्षाचा राग येतो का? प्रश्न वाईट नव्हता, विचारण्याची वेळ वाईट होती. ते म्हणाले, पार्टी मोठी झाली, मोठ्या घरात राहायला गेली. मग घड्याळ बघून उठले. पंपाचं औषध कालवून ठेवलं होतं आणि दुपारनंतर वारा सुटला की फवारणी वाया जाते. विभागाला उपक्रमाचे फोटो लागतात म्हणून कुणीतरी त्यांना फळ्याजवळ उभं करायला धावलं, ते मी थांबवलं. तेवढं एक त्या दिवशी बरोबर केलं.

2013 ला हा पक्ष 80 जागांवर आला, 2022 ला 275 पैकी 32 वर. फुटी, विलीनीकरणं, सगळं मुलं व्यवस्थित लिहितात, पाच गुण.

खेळात आता सातवा गट आहे. त्याच्या पाकिटात आकडे नाहीत. 25 मे आणि 21 ऑगस्ट या दोन तारखा आहेत, आणि खाली: आई म्हणते पोटात, मावशी म्हणते काखेत, तुम्ही टेबलापलीकडे आहात, रांगेत मागे चारशे जण आहेत. या गटात कुणी आपणहून जात नाही, हजेरी क्रमांकाने घालावं लागतं. पहिल्या वर्षीच्या गटाने पोटात लिहिलं, कारण सांगितलं की आईला जास्त माहीत. दुसऱ्या वर्षीच्यांनी काखेत लिहिलं, कारण सांगितलं की पाच लाख. दोघांनाही मी दहापैकी सात दिले.